ग्रीनलंडवरून जाताना

मार्चमध्ये बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर व्हीलचेअरवरून त्यांना बाहेर आणलं, मी धावत गेले, वाकून नमस्कार केला आणि सगळे विचारतात तेच विचारलं, प्रवास कसा झाला. चार वर्षांनी लेकीला भेटणारा बाप अशा वेळी काय म्हणेल? बारीक झालीस म्हणेल, नाहीतर जाड झालीस म्हणेल. माझे बाबा म्हणाले, "ग्रीनलंड गेलं."

मला आधी काही उलगडाच होईना. कुठे गेलं? सांता क्लाराला घरी येईपर्यंत गाडीत सगळा खुलासा झाला. बाबा भूगोलाचे मास्तर. वर्ध्याकडच्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्यात ग्रीनलंड त्यांचं भारी लाडकं. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, घामाने वह्या ओल्या करणाऱ्या पोरांना हा माणूस तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाबद्दल सांगायचा आणि पोरं तोंडाचा आ करून ऐकायची. मीही त्यातलीच एक. नकाशा काढायची त्यांची युक्ती होती: देठ खाली केलेलं वांगं काढा, झालं ग्रीनलंड. तर युरोपातून इकडे येताना समोरच्या स्क्रीनवर त्यांना दिसलं की आपल्या विमानाचं चित्र त्या वांग्यावर चढतंय. आणि हे बसलेले वाटेकडच्या सीटवर. खिडकीशी एक जण, मधे एक जण, दोघंही ढाराढूर झोपलेले, खिडकीची झडप बंद. बाबा दोनदा उठून उभे राहिले आणि दोनदा परत खाली बसले.

ती सीट मीच घेतली होती. इथल्या आपल्या मराठी लोकांची एक ठरलेली पद्धत आहे. आईवडील येणार म्हटलं की आधी ग्रुपवर मेसेज टाकायचा, अमुक तारखेला मुंबईहून कोणी येतंय का, सोबत हवी आहे. मग व्हीलचेअर बुक करायची, रोज टेकडी चढणाऱ्या माणसालासुद्धा, कारण इमिग्रेशनची लाइन वाचते. मग वाटेजवळची सीट, बाथरूमसाठी. आणि मग सूचनांचा कागद, लॅमिनेट केलेला. माझ्या कागदावर लिहिलं होतं: शेजारच्याला उठवू नका, खिडकी उघडायला सांगू नका, लोक झोपलेले असतात, कोणाला त्रास नको. बाबांनी तो कागद शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि अक्षरशः पाळला होता. मास्तर माणूस, लेखी सूचना म्हटल्यावर संपलंच.

मी हसले. खरं सांगते, गाडी चालवता चालवता मोठ्याने हसले. बर्फच तर आहे हो, म्हटलं, तुम्हाला इथे टाहोच्या डोंगरात नेते, हवा तेवढा बघा. ते हसणं आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

आठ-दहा दिवसांनी सकाळी ते चहा गाळत होते आणि चहा कपाच्या बाहेर पडत होता. माझा पारा चढला, कारण किचन नुकतंच आवरलं होतं. तावातावाने काहीतरी बोलायला गेले आणि बघितलं तर बाबा कपाकडे टक लावून बघत होते, आणि चहा ओट्यावर. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. गावी त्यांना कोणीतरी मोतीबिंदू सांगितला होता, आणि बाबांनी तोही माझ्यापासून लपवला होता. इथे कळलं की दोष पडद्याच्या मध्यभागी आहे. उजवा डोळा कामातून गेलाय आणि डावा त्याच वाटेवर आहे. डॉक्टरांनी नीट समजावलं: ठार आंधळे होणार नाहीत, कडेकडेचं दिसत राहील, पण समोरचं, मधलं जाईल. इंजेक्शनने जाण्याचा वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. मला रडू आवरेना. बाबांनी एकच प्रश्न विचारला, जुलैपर्यंत टिकेल का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, प्रयत्न करू. जुलैत काय आहे ते त्यांना काय माहीत. जुलैत बाबांचं परतीचं तिकीट होतं.

त्या संध्याकाळी मी माझी रजा टाकली आणि बाबांबरोबर जायचं ठरवलं. दोघांच्या सीट शेजारीशेजारी घेतल्या, त्यांची खिडकीची, पंखाच्या पुढची. रोज रात्री फ्लाइटचा मार्ग तपासायचा मला नादच लागला. नवरा म्हणाला, यार, तू पायलटपेक्षा जास्त अभ्यास करते आहेस. करतच होते. एकोणीस वर्षांत कितीदा त्या बेटावरून गेले असेन, आणि दर वेळी झडप लावून पिक्चर बघितला. माझ्यासारखी करंटी मीच.

मग आमच्या घरात ग्रीनलंडचे दिवस सुरू झाले. ऑफिसमधून आले की मी त्यांना वाचून दाखवायचे, व्हिडिओ लावायचे, आणि जे दिसत नसेल ते सांगायचे. माझी मुलगी तेरा वर्षांची, मराठी समजतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. तिने लॅपटॉपवर ग्रीनलंड उचललं आणि नकाशावरून सरकवत भारतावर आणून ठेवलं. ते सरकता सरकता आकसत गेलं आणि भारताच्या पोटात मावलं, वर जागा उरली. बाबांनी स्क्रीनला नाक लावलं. वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट दिसायचं. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की ध्रुवाकडचं सगळं ताणलं जातं, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं, मुलांना सांगतही असत, पण डोळ्यांसमोर ते होताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. नातीला त्यांनी ते पाच वेळा करायला लावलं.

किती काय काय कळलं आम्हाला त्या चार महिन्यांत. बेटाचा बराचसा भाग बर्फाखाली आहे हे शाळेतलं. पण त्या बर्फाच्या ओझ्याने खालची जमीन मधोमध दबून परातीसारखी खोल झाली आहे, इतकी की काही ठिकाणी ती समुद्रसपाटीच्याही खाली आहे, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. हजारो वर्षांचे हिवाळे एकावर एक निजलेले, आणि प्रत्येकात त्या त्या वर्षीची हवा बुडबुड्यांमध्ये अडकलेली. म्हणजे माणसाने शेती करायच्या आधीची हवासुद्धा तिथे आहे. बाबा म्हणाले, एवढं जुनं दफ्तर कुठल्या कचेरीत नसेल.

माणसं सगळी कडेकडेने. अख्ख्या देशात साठ हजारांच्या आत, म्हणजे आमच्या तालुक्याएवढीसुद्धा नाहीत. एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ताच नाही. बोट, विमान, नाहीतर हिवाळ्यात कुत्र्यांची गाडी. बर्फाला भोक पाडून त्यातून लांबच लांब दोर सोडतात आणि खोल पाण्यातला मासा वर ओढतात. घरं लाल, पिवळी, निळी. पूर्वी रंगावरून ओळखायचं, पिवळं म्हणजे दवाखाना, लाल म्हणजे दुकान. वाढदिवसाला घर दिवसभर उघडं असतं, गावातलं कोणीही यावं, कॉफी-केक घ्यावा, थोडं बसावं आणि पुढच्या माणसाला जागा करून द्यावी. हे तर आपलं हळदीकुंकूच झालं, मी म्हटलं. आणि उत्तरेकडच्या एका गावात हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही. जानेवारीच्या मध्याला तो पहिल्यांदा डोकावतो तेव्हा सगळं गाव, पोराबाळांसकट, टेकडीवर जाऊन त्याची वाट बघत उभं राहतं. बाबा खुर्चीत ताठ बसले. म्हणाले, म्हणजे संक्रांतच की! त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी गावी दोन जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावून ते सांगितलं.

इतिहासातलंही त्यांना सगळं पाठ. हजारो वर्षांपूर्वी पश्चिमेकडून सील आणि अस्वलांच्या मागे आलेली माणसं. मग हजारेक वर्षांमागे आइसलंडहून तडीपार झालेला एक जण, ज्याने लोकांनी यावं म्हणून बर्फाच्या बेटाला हिरवी भूमी असं नाव दिलं. लोक आलेही. गाईगुरं पाळली, दगडी चर्च बांधलं, चार-पाचशे वर्षं राहिले आणि मग कुठे नाहीसे झाले याचा नीट पत्ता नाही. चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. सीलच्या कातड्याच्या होडीतून हिंडणारे मात्र टिकले, आणि आजही तेच तिथले. टीव्हीवर अधूनमधून अमेरिकेने ते बेट विकत घ्यायच्या गोष्टी चालायच्या. बाबा वैतागून म्हणायचे, अरे, लोकांचं घर आहे ते, दारावर कोणी विकाऊची पाटी लावली आहे का?

इकडे डोळा उतरत होता. इंजेक्शनं चालू होती. मे महिन्यात डोळ्याशी धरून वाचायचे ते वर्तमानपत्राचे मथळे गेले, जूनमध्ये मनगटावरचं घड्याळ. बाबा तक्रार करत नसत, हाच तर माझा वैताग. विचारलं की म्हणायचे, चाललंय. आणि मी रात्री पडल्या पडल्या उरलेले आठवडे मोजायचे, जीव थोडाथोडा व्हायचा.

जुलैत निघालो. विमान दुपारी सुटलं, जेवणं झाली, आणि केबिनमधल्या सगळ्या खिडक्या आपोआप गडद निळ्या झाल्या. नवीन प्रकारचं विमान. खिडकीला झडपच नाही, खाली एक बटण. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, ढिम्म. चार महिने मी मार्ग बघितला, सीट बघितली, पंख बघितला, आणि या खिडक्यांची चावी विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या हातात असते हे काही बघितलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

बेल दाबली. पन्नाशीची एक गोरी बाई आली. गोड आवाजात म्हणाली, सगळे झोपले आहेत, बाहेर ऊन आहे, उतरायच्या आधी उघडू. मी कारण सांगितलं. ती म्हणाली, सॉरी. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. डोळे, डॉक्टर, सीट, हक्क, सगळं काढलं. पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून बघायला लागला. त्या बाईंचाही चेहरा बदलला आणि त्यांनी मला आवाज कमी करायला सांगितलं. मी अजून काय बोलले असते कोण जाणे, पण बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं आता म्हणतील, जाऊ दे, कोणाला त्रास नको. त्यांनी सीटचा पट्टा सोडला. समोरच्या सीटला धरून हळूहळू उभे राहिले. वर्गात उभे राहायचे तसे, सरळ.

"मॅडम," ते म्हणाले, "आय हॅव टॉट ग्रीनलंड फॉर थर्टी-फोर इयर्स. आय हॅव नॉट सीन इट."

बस, एवढंच. ती बाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता त्यांनाच म्हणाली, थोड्या वेळाने मागच्या दाराशी या, तिथल्या छोट्या खिडकीला वेगळी झाकणी आहे. पट्ट्याचा दिवा लागला तर मात्र लगेच जागेवर यायचं.

विमानाच्या शेपटीकडे, जेवणाच्या ट्रॉल्या ठेवतात त्या चिंचोळ्या जागेत, दाराला ताटलीएवढी एक काच होती. बाईंनी झाकणी वर केली आणि उजेडाचा झोत आत आला. माझ्या घड्याळात कॅलिफोर्नियाचे रात्रीचे साडेनऊ, आणि बाहेर लख्ख, तिरपं ऊन. मी बाबांच्या आधी डोकावले. खाली ढग. कापूस पिंजून टाकल्यासारखे, इकडून तिकडे, कुठे फट नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मी खोटं बोलले. म्हटलं, बाबा, आलं बघा ग्रीनलंड, सगळं पांढरं. बाबांनी काचेला कपाळ टेकलं, जरा वेळ थांबले, मग मला म्हणाले की स्क्रीनवर विमान कुठे होतं ते तूच मला आत्ता सांगितलंस, अजून आपण समुद्रावर आहोत, मास्तरला फसवतेस? आम्ही उभे राहिलो. विमान थोडं हललं की मी वरच्या दिव्याकडे बघायचे.

आणि मग ढग संपले. हळूहळू विरळ वगैरे झाले नाहीत, थेट संपले, आणि खाली काळेकरडे, उघडेबोडके डोंगर आले. डोंगरांच्या मधून बर्फाच्या नद्या, भेगाळलेल्या, समुद्रात उतरताना तुकडे तुकडे होऊन पडलेल्या. एकेक तुकडा केवढा असेल याचा अंदाज येईना, कारण शेजारी ठेवून बघायला घर नाही, झाड नाही. मग डोंगरही बुडाले आणि राहिला फक्त बर्फ. त्याच्यावर वितळलेल्या पाण्याची तळी, निळी. अशी निळी की आपल्याकडे त्या रंगाला नावच नसेल. आणि त्याच्याही पलीकडे काहीच नाही, नुसतं पांढरं, आभाळाला लागेपर्यंत, आणि त्यावर झोपलेलं सोनेरी ऊन. बाईमाणूस मी बडबडी, पण माझी बोलती बंद झाली. पुस्तकं, व्हिडिओ, चार महिने केलेली सगळी तयारी त्यापुढे फिकी पडली. मला भीती वाटली, आणि त्याच वेळी हात जोडावेसे वाटले. मी जोडलेही.

मग भानावर आले आणि बाबांना पुढे केलं. त्यांनी डोळा काचेला लावला. वर केला, खाली केला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मी विचारलं, दिसतंय? त्यांनी बाहीने काच पुसली. मग अगदी हळू म्हणाले, "उशीर झाला गं. मधे नुसतं धुकं आहे."

मला हंबरडा फोडावासा वाटला. ते काचेपासून मागे सरले, माझ्याकडे तोंड केलं, काहीतरी समजूत घालायला असेल. आणि तसेच थांबले. मी काचेच्या शेजारीच दाराला टेकून उभी होते, काच माझ्या खांद्याला लागून. त्यांची मान किंचित वळली, डोळे माझ्या चेहऱ्यावर आले आणि तिथेच खिळले. श्वाससुद्धा रोखलेला.

"हलू नकोस," ते म्हणाले. "दिसतंय. निळं आहे ना ते? तळी आहेत. तुझ्याकडे बघितलं की कडेने सगळं दिसतंय."

मी हलले नाही. पाठ दाराच्या गार धातूला लागली होती आणि ट्रॉलीची कड कमरेत रुतत होती. बाबा माझ्या डोळ्यांत बघत बघत बोलत होते, मोठ्याने, वर्गाला सांगितल्यासारखं. ही बर्फाची भेग. हा प्रवाह. केवढं हे, केवढं हे. ती विमानातली बाईही मागे येऊन उभी राहिली, एक शब्द कळत नसताना. बाबांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद कधी बघितला नव्हता, आई होती तेव्हाही नाही. इतक्या जवळून, इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधी बघितलंही नव्हतं.

म्हणून मी सहज विचारलं. "आणि मी, बाबा? मी दिसते ना?"

"नाही गं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून जरासुद्धा ढळले नाहीत. "तू मार्चमध्ये विमानतळावरच दिसली नाहीस. आवाजावरून ओळखली. म्हटलं, आल्या आल्या कशाला सांगायचं." मग लगेच, घाईने, "हलू नको पण. आता डोंगर आले बघ."

पूर्वेकडचे डोंगर आले, मग तुटलेला बर्फ, मग मोकळा समुद्र. मी हलले नाही.